मोंबासाची तयारी

खोक्याला शेवटची पत्र्याची पट्टी आवळली की आक्का त्यावर तळहाताने दोन थापा मारायची आणि म्हणायची, "हो पुढं. मी आलेच." शाळेला निघालेल्या पोराच्या पाठीवर मारावी, तशी थाप.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. पिंपरीतल्या एका औषधाच्या कंपनीत आम्ही बायका पॅकिंगला होतो. इंजेक्शनच्या बाटल्या लाकडी खोक्यांत भरायच्या आणि बाहेरून काळ्या शाईने बंदराचं नाव उमटवायचं. नावं बरीच असायची, पण आक्काचा जीव एकाच नावावर, मोंबासा. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, तरी ते नाव ती लांबून ओळखायची. तिच्या चाळीत कोकणातले एक म्हातारे खलाशी राहत. त्यांच्याकडून तिने सगळं काढून घेतलं होतं. आफ्रिकेतलं शहर, पांढरी घरं, निळं पाणी, माडांची रांग. संध्याकाळी माणसं किनाऱ्यावर नुसती बसलेली असतात म्हणे.

"नुसती?" तिने म्हाताऱ्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. "काय बी न करता?"

झालं, बेत ठरला. पाऊस सरला की जायचं आणि शिमग्याच्या आत परतायचं नाही.

तुम्ही हसाल. आम्हीही हसायचो, पण हसता हसता आम्हीही तिच्याबरोबर सामान बांधायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसायचा. कोणी म्हणे लोणचं ने, कोणी म्हणे पापड. मी म्हटलं, "आक्का, पाटा-वरवंटा?"

"न्हाई गं बये. पाटा आला की वाटण आलं."

"मग स्टोव्ह तरी?"

"स्टो आला की च्या आला. कोन तरी येऊन म्हननारच, टाक कपभर."

"आणि दाजी?"

"त्यांना कशापायी? ते आले की डबा आला!"

आम्ही हसून हसून लोळायचो. एकदा सुपरवायझर मुद्दाम येऊन म्हणाले, "काय आक्का, तिकीट काढलं का?" ती म्हणाली, "सायेब, रजा तुमी द्या, तिकिटाचं मी बघते."

सारी मेख त्या रजेतच होती. तिच्या घरी सासू, नवरा, तीन दीर आणि दोन पोरं. पहाटे पाणी भरायचं, सगळ्यांच्या भाकऱ्या थापायच्या, मग कंपनीत आठ तास उभं राहायचं, घरी गेलं की पुन्हा चूल. रविवारी धुणं. तिला मोंबासा हवं होतं ते समुद्रासाठी नव्हेच. जन्मात एकदा, कोणी हाक मारणार नाही अशा जागी, तिला बसायचं होतं. बास, एवढंच.

मग तिला खोकला लागला. संध्याकाळचा ताप यायचा, अंगावरचं पोलकं ढगळ व्हायला लागलं. छातीचा फोटो काढला आणि डॉक्टरांनी सरळ क्षयाच्या इस्पितळात धाडलं. सासू म्हणाली, "आता घरचं कोन बघनार?" मला असा संताप आला! सून मरते की जगते, ते राहिलं बाजूला.

पहिल्या रविवारी भेटायला गेले ती रडू आवरतच. पाहते तर बाईसाहेब व्हरांड्यातल्या खाटेवर, पाठीला उशी लावून बसलेल्या. समोर कडुनिंबाची दाट झाडं, पलीकडे टेकडी.

"ये बस," ती म्हणाली. "दूध येतं, अंडं येतं, जेवान आयतं येतं. सिस्टर म्हनते, उठू नका. मला म्हनते, उठू नका!" ती इतकी हरखून सांगत होती की आपण हसावं की रडावं, हेच मला कळेना. मग तिने मला गप्प बसवलं. "डोळे मीट. ऐक." वाऱ्याने झाडं सळसळत होती. "आपले म्हातारबा सांगायचे ना, दर्या असाच वाजतो."

मी दर रविवारी जाऊ लागले. तिच्या घरचं कोणी फारसं फिरकत नव्हतं. आम्ही डोळे मिटून बसायचो. खोटं कशाला सांगू, मलाही तो दर्या ऐकू यायला लागला होता. तिच्या गालांवर मांस चढलं. इतकी देखणी होती ही बाई, हे मला तिथं कळलं.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, छाती साफ झाली, आता घरी जायचं. मी पेढे घेऊन धावत गेले. आक्का खाटेच्या कडेला बसली होती, गाठोडं बांधून. डोळे सुजलेले.

"अगं, बरी झालीस तू!"

"व्हय." मग हळूच म्हणाली, "पुन्यांदा झाला, तर पुन्यांदा ठेवतील का गं हितं?"

पेढ्याचा पुडा तसाच हातात राहिला.

मी रिक्षा केली ती थेट पिंपळे गुरवला, आमच्या नदीकाठच्या खोलीवर. आक्काच्या घरी निरोप धाडला की डॉक्टरांनी आणखी आठ दिवस ठेवलंय. धडधडीत खोटं, आणि आजही सांगते, ते मी पुन्हा बोलेन. माझ्या नवऱ्याला ताकीद दिली, आक्काकडे पाणीसुद्धा मागायचं नाही. तो शहाणा, लगेच मान हलवली.

मोंबासा तिने कधी पाहिलं नाही, हे सांगून टाकते. आठ दिवसांनी ती घरी गेली, चूल पुन्हा गळ्यात पडली. पुढे रिटायर झाली, आणि आता तर तिला जाऊनही बरीच वर्षं झाली. पण तिची आठवण आली की मला आमच्याकडचा तिचा दुसरा दिवस दिसतो.

पहिल्या दिवशी मी कामावरून परतले, तर तिने सगळी भांडी लख्ख घासून ठेवलेली. मी चिडले, भांडले, शपथ घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी दार ढकललं, तर ती उंबऱ्यात नदीकडे तोंड करून बसलेली, केस मोकळे. शेजारी सकाळचा चहाचा कप. तळाशी साय सुकलेली, त्यावर दोन माश्या.

"मी न्हाई धुतला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"नको धुऊस," मी म्हटलं, आणि तिच्या शेजारी टेकले.