टिपणिसांच्या इटालियन पट्ट्या

प्रभाकर टिपणीस भिवंडीत कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात हेडक्लार्क होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, जेवण डब्याचं होतं आणि चूल कशी पेटते याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. १९८७च्या दिवाळीत रद्दीवाल्याकडे त्यांना एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं. इटलीचं जेवण इंग्रज बायकांना शिकवणारं, तेही तिकडे ते कुणाला फारसं ठाऊक नव्हतं त्या काळातलं. चित्र एकही नव्हतं. पण टोमॅटोच्या रश्शाचं असं वर्णन होतं, की प्रभाकररावांना रद्दीच्या दुकानातच भूक लागली.

ऑफिसातलं इंग्रजी इथे चालेना. ‘सिमर’ हा शब्द पत्रव्यवहारात कधी आला नव्हता. म्हणून ते वरच्या मजल्यावर माधवी गुप्त्यांना विचारायला गेले. माधवीबाई हायस्कुलात इंग्रजी शिकवायच्या. लग्न करायचं राहून गेलं होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांनी अर्थ सांगितला: मंद आचेवर रटरटू देणं. दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव नवा शब्द घेऊन आले, तिसऱ्या दिवशी आणखी एक. मग अख्खा उताराच आणला. त्यात लेखिका इंग्रज बायकांची समजूत घालत होती: लसणाला भिऊ नका, एकच पाकळी तेलात फिरवा आणि लगेच काढून टाका.

“काढून टाका?” प्रभाकरराव म्हणाले. “मी खाली दोन गड्डे सोलून ठेवलेत.”

माधवीबाईंना असं हसू फुटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग प्रभाकररावही हसत सुटले. जिना उतरताना ते शीळ घालत होते.

रविवारी त्यांनी अंडी घालून मैदा मळला, लाटला, लांब पट्ट्या कापल्या आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातल्या. वारा सुटला. दोन पट्ट्या उडून खालच्या स्कूटरवर बसल्या, बाकीच्या फडफडत राहिल्या. सगळी बिल्डिंग बघायला गॅलरीत आली. उरलेल्या वाचवायला माधवीबाई धावत खाली उतरल्या आणि जेवायलाच थांबल्या. डब्यातलं चीज किसून वर घातलं होतं. दोघांनी दोनदा घेतलं.

“रोज शब्द विचारायला जिना चढता,” माधवीबाई ताटाकडे बघत म्हणाल्या. “त्यापेक्षा पुस्तकच वर आणून ठेवा.”

“पुस्तक आणलं तर मलाही यावं लागेल.”

“मग या.”

लग्न उन्हाळ्यात रजिस्टर झालं. गच्चीवर बिल्डिंगच्या बायकांनी पापडांसारख्या पोळ्या लाटल्या आणि नवरदेवाने पट्ट्या कापल्या. जवळच्या कोन गावाहून अंडी घेऊन येणाऱ्या आक्कालाही आग्रहाने बसवलं. तिने चाखून पाहिलं आणि विचारलं, “ह्यात सोडे न्हाय घातले?”

नवरानवरीने एकमेकांकडे पाहिलं. माधवीबाई हिरवा शालू सावरत खाली गेल्या आणि सोड्यांचा, म्हणजे वाळवलेल्या कोलंबीचा, डबा घेऊन आल्या. त्यानंतर पुढची दहा वर्षं त्या बिल्डिंगमध्ये इटालियन जेवण म्हणजे सोडे घातलेलं असंच सगळे समजत होते.