पन्हळीपलीकडची मालकीण

चष्मेवाल्यांचं आयुष्य लोकांना बारीक अक्षरं दाखवण्यात गेलं. स्वतःच्या घराचं खरेदीखत मात्र त्यांनी एकदा कपाटात टाकलं ते पुन्हा उघडून पाहिलं नाही. माणूस हाताचा नेमका, पण कागद म्हटलं की अंगावर काटा. लेक संसार मोडून माहेरी आली, पाठोपाठ यांच्या छातीत कळ येऊन गेली, तेव्हा कुठे जाग आली. आपल्या माघारी हिला कुणी घराबाहेर काढता कामा नये, एवढं एकच त्यांच्या मनाने घेतलं. घर तिच्या नावावर करायचं ठरलं.

नगरपालिकेत कराचा उतारा चुटकीसरशी मिळाला. घर नंबर एक, नाव त्यांचंच. खूश होऊन निघणार तोच खिडकीतली बाई म्हणाली, "काका, हा करापुरता. मालकीचं भूमापन कार्यालयात बघा. नकाशा जुळायला हवा."

तिथे भूमापकाने टेबलावर नकाशा पसरला आणि पेन्सिलीचं टोक एका चौकोनावर ठेवलं. "हे एक नंबर. तुमचं."

"छे हो, ते शेजारच्या नर्सबाईंचं. आमचं अलीकडचं, रस्त्याला लागून."

"कागदावर घरं मागच्या ओढ्याकडून मोजलीत. तुम्ही कुठून मोजलीत?"

चष्मेवाल्यांनी नकाशा जवळ ओढला. दोन्ही घरं जुळी, एकाच दिवशी विकलेली, दारांवर तेव्हा आकडे नव्हते. दोन्ही कुटुंबं सामान घेऊन रस्त्याने आली, रस्त्याकडूनच एक-दोन मोजलं आणि खुशाल राहायला लागली. म्हणजे आता लेक ज्या घरात चहा टाकत होती ते कायद्याने नर्सबाईंचं, आणि नर्सबाईंचं यांचं! दुरुस्तीला वाट एकच: दोघांनी नोंदणी कार्यालयात जाऊन अदलाबदलीच्या कागदावर सह्या करायच्या.

घोडं अडलं ते इथे. गच्चीच्या पन्हळीचं पाणी नर्सबाईंच्या अंगणात पडतं, यावरून दोघांचं बोलणं केव्हाच बंद झालं होतं. अधूनमधून भांडण तेवढं चालू होतं. नर्सबाईंचे यजमान गेले तेव्हा चष्मेवाले त्यांच्या दारापर्यंत जाऊन परतले होते. त्याची त्यांना अजून लाज वाटे. आता कोणत्या तोंडाने जायचं? आणि बाईंनी नाही म्हटलं, तर लेकीच्या डोक्यावरचं छप्पर गेलंच म्हणायचं.

"बाबा, तुमच्याने होत नसेल तर मी जाते मावशींकडे," लेक म्हणाली.

"नको. पन्हळ मी बसवली, मीच जातो."

नर्सबाईंनी दारातच सगळं ऐकून घेतलं. बसा म्हटलं नाही, आश्चर्यही दाखवलं नाही. "उद्या सकाळी येते," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

आल्या मात्र वेळेवर. नोंदणी अधिकाऱ्याने नेमाप्रमाणे विचारलं, "तुमच्या नावावरचं घर यांना देताय आणि यांचं घेताय. समजून करताय ना?"

"समजून करतेय. मला आधीपासून ठाऊक आहे. यजमान गेल्यावर नाव लावायला गेले, तेव्हाच कळलं."

चष्मेवाले त्यांच्याकडे वळले. "मग बोलला का नाहीत?"

"बोलत कुठे होतो आपण? भांडत होतो." नर्सबाईंनी सही केली. "मागच्या खेपेला तुम्ही पन्हळीवरून आवाज चढवलात ना, तेव्हा 'निघा माझ्या घरातून' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तुमची लेक बॅग घेऊन फाटकात आली. तिचा चेहरा पाहिला आणि गिळलं."

सही करून चष्मेवाले म्हणाले, "बाई, तुमचे उपकार..."

"उपकार राहू द्या. आजवर पाणी तुमच्याच अंगणात पडत होतं. आजपासून अंगण माझं. पन्हळ वळवा."