आमच्या सोसायटीचा स्वच्छ उमेदवार

माझ्या स्वयंपाकघरात दोन नळ होते. एकाला टँकरचं पाणी यायचं. दुसरा बिल्डरने सरकारी पाण्यासाठी आगाऊ बसवला होता. त्यातून कधी हवासुद्धा आली नाही. आई तो रोज घासूनपुसून लखलखीत ठेवायची.

हिंजवडीला नोकरी लागली तेव्हा मी सिंहगड रस्त्याच्या आत, नुकत्याच महापालिकेच्या हद्दीत आलेल्या एका गावात फ्लॅट घेतला आणि विदर्भातून आईला आणलं. "तिथे चोवीस तास पाणी आहे," असं मीच तिला छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर तिने गावातलं घर बंद केलं. जन्मभर पाण्याच्या रांगेत उभं राहून तिचे गुडघे गेले होते. म्हातारपणी रांगेशिवाय पाणी मिळावं, एवढीच तिची मागणी. "मरायच्या आत या नळाले पानी आन बापा," असं ती हसत म्हणायची, आणि मला लाज वाटायची.

निवडणूक आली की आमच्या रस्त्याकडेला पाइप यायचे. सोसायटीतली सगळ्यात वयस्कर बाई म्हणून भूमिपूजनाचा नारळ आईच्या हातून फोडून घ्यायचे. फोटो निघायचे, निकाल लागायचा आणि तेच पाइप उचलून दुसऱ्या गल्लीत भूमिपूजनाला जायचे. आईने दोन पक्षांचे दोन नारळ फोडले. दोन्हींची चटणी चांगली झाली होती.

तिसऱ्या वेळी आमच्या सोसायटीतलाच एक जण नगरसेवकपदासाठी अपक्ष उभा राहिला. संगणक अभियंता, परदेशात राहून आलेला, इस्त्रीचा शर्ट, तोंडात शिवी नाही. त्याने गच्चीवर पडदा लावून आम्हाला सरकारी यंत्रणा समजावून सांगितली. कुठली फाइल कुठे अडते ते लाल बाणांनी दाखवलं. बाण बघून आम्ही हरखून गेलो. आमच्यासारख्यांना पडद्यावर बाण दिसले की काम झाल्यासारखंच वाटतं. सुशिक्षित माणूस खुर्चीत बसवला की बाकीचं आपोआप होतं, असं आम्ही एकमेकांना बजावत सुटलो.

ऑफिसातला सदाशिव पेठेतला एक सहकारी तेवढा म्हणाला, "अहो, जातं मोडलंय. दळणारा बदलून पीठ बारीक पडणार आहे का?" त्याच्या घरी दोन वेळ पाणी येत होतं, त्यामुळे त्याला असं बोलणं परवडायचं. मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही.

आमचा माणूस निवडून आला. पहिले काही महिने तो खरंच फाइल घेऊन कचेरीत खेटे घालत होता. तिथे त्याला चहा मिळायचा आणि 'प्रस्ताव वर गेलाय' असं उत्तर मिळायचं. वर म्हणजे कुठे, ते त्याच्या बाणांनाही ठाऊक नव्हतं. तो कचेरीत बसलेला असताना आम्ही त्याला फोन करायचो, "पाइपलाइनचं बघू रे सावकाश, आजचा टँकर तेवढा लवकर पाठव." पाइपसाठी भांडला तर पाच वर्षं कोणी विचारत नाही, टँकर पाठवला की संध्याकाळी सत्कार होतो. हुशार माणूस, पटकन शिकला.

ऐन मे महिन्यात एका शनिवारी टाकी कोरडी पडली. मी फोन केला आणि वीस मिनिटांत टँकर फाटकात हजर. सोसायटीने त्याच्या अभिनंदनाचा ठराव केला. मराठी बरं म्हणून मसुदा माझ्याकडे आला. मी 'कार्यतत्पर' हा शब्द दोनदा वापरला.

रविवारी सकाळी भांड्यांना येणारी बाई उशिरा आली. मागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायची ती. "आजी, काल आमचा टँकर कोपऱ्यापोतर आलता. ड्रायव्हरला सायबाचा फोन आला आन् वळला की तुमच्याकडं," ती म्हणाली. "पोरं बिनआंघोळीची हायेत."

आईने माझ्याकडे पाहिलं. "सायबाले कोनं सांगतलं होतं?"

मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. बातमी कसली होती ते आठवत नाही. आईने दोन कळशा भरल्या आणि माझ्यासमोर आदळल्या. "चाल."

परदेशी गिऱ्हाइकांची संगणक यंत्रणा दुरुस्त करून देणारा मी, दोन हातांत दोन कळशा घेऊन मागच्या गल्लीत निघालो. पाणी पायावर सांडत होतं. पुढे आई, गुडघ्यांवर हात टेकत. तिच्या चालण्याकडे बघून मला माझीच किळस आली.

कोपऱ्यावर नगरसेवकाची गाडी थांबली. काच खाली झाली. शर्ट तसाच, इस्त्रीचा. "काय रे, कळशा कसल्या वाहतोयस?" तो कळवळून म्हणाला. त्याचा कळवळा खोटा नव्हता, हेच वाईट. "एक फोन करायचास ना. लगेच टँकर पाठवला असता."

मी काही बोलायच्या आत आई मागे वळली.

"आता कोनाचा पाठवशील?" तिने विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कळशीकडे पाहिलं.