पहिल्या हाकेला

धाकट्या भावानं प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. शेंबूड पुसायला माझा सदरा धरणारा आता डायरेक्टर! माझ्या पोटात दुखतं, आणि ते मी कुणापासून लपवतही नाही.

खरं तर तो आधी माझ्याकडंच आला होता, गावाकडं तेरला. उमरग्याजवळ हायवेलगत जमिनी घ्यायच्या, प्लॉट पाडायचे, विकायचे, असं त्याच्या डोक्यात होतं. पण अशा कंपनीला निदान दोघं तरी लागतात म्हणे.

"दादा, तुमी या संगं. उद्या बुडालं तरी कंपनीपुरतं बुडंल. आपल्या घराला, रानाला हात लागत न्हाय."

मला लई हौस होती हो! दारावर दोघा भावांची नावं, मला दिसायलाही लागली होती. पण आमच्याकडं पहिल्या हाकेला कुणी ताटावर बसतं का? आपण नको नको म्हणायचं, समोरच्यानं हाताला धरून ओढायचं, अशी रीत. म्हणून म्हणलं, "मला कशाला त्यात घेतो? तुझं तू बघ."

त्यानं चहा पिला, "बरं दादा" म्हणला आणि गाडीला किक मारून गेला.

मी फोनची वाट बघत बसलो. फोन आला तो बायकोला, जावेचा. कंपनीत जावेच्याच भावाला घेतलं होतं. तो म्हणे विचारल्याबरोबर व्हय म्हणला. हावरट कुठला!

"एकदा व्हय म्हणला असता तर जीभ झडली असती का तुमची?" बायको म्हणाली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

ऑफिसच्या उद्घाटनाला गेलो. दारावर भावाच्या नावाखाली त्याच्या त्या मेव्हण्याचं नाव. आणि तोच दारात कडक इस्त्रीत उभा राहून मला म्हणतो, "या पाव्हणं, बसा." माझ्या भावाच्या दारात मी पाव्हणा! तळपायाची आग मस्तकात गेली.

पूजा झाल्यावर भाऊ आलेल्यांना टॉवेल-टोपी देत निघाला. आता मला सोडून पुढं जाईल, असं मला वाटलं. घरच्या माणसाला कुणी आहेर करतं का? तो माझ्यासमोर येऊन थांबला.

"मला नको रे, मी घरचाच की," मी म्हणालो.

"असं कसं दादा, घ्यावंच लागंल," म्हणत त्यानं माझा हात धरला. मी परत नको म्हणलं. त्यानं सोडला नाही. लई आग्रह केला, आणि आपल्या हातानं माझ्या डोक्यावर टोपी घातली.