ती ओवी कोणाच्या तोंडची

गेल्या वर्षी बाबांची वाचा गेली. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. पुढे पाय थोडाफार उचलता यायला लागला, पण जीभ काही वळली नाही. लातूरकडच्या आमच्या गावात बाबांचं पहाटेचं वाचन शेजारच्या घरांनाही ऐकू जायचं. तेच बाबा आता पुण्याजवळ महाळुंग्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून समोरच्या नव्या इमारतीची क्रेन बघत राहायचे. इस्पितळातून आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर रोज वाचायचा ग्रंथ फडक्यात बांधला, डाव्या हाताने आणि दातांनी गाठ मारली आणि उशाखाली सरकवून दिला. देव्हाऱ्यासमोर नेऊन बसवलं तर मान फिरवायचे. जेवण चिमणीएवढं झालं. खरं सांगतो, मला देवाचा भयंकर राग आला होता. ज्याने जन्मभर तुझं नाव घेतलं, त्याची नेमकी जीभच काढून घ्यावीस?

एकदा मी त्यांना म्हणालो, "बाबा, नुसते हात तरी जोडा." त्यांनी आपल्या जिभेकडे बोट दाखवलं, मग दाराकडे, आणि हात हलवला. परत गेला, असं. मला लगेच कळलं, कारण त्यांच्या ग्रंथातली ती ओवी माझ्याही डोक्यात बसलेली होती. लहानपणी मी पांघरूण सोडेनासा झालो की बाबा तिचा अर्थ सोप्या शब्दांत सांगून मला उठवायचे: जिभेवर नाव नसेल तर देव दाराशी येऊन परत जातो. आणि मी काय केलं होतं? मी हिंजवडीतल्या एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. पोटासाठी ते, आणि हौसेसाठी पीएचडी. विषय बाबांच्याच ग्रंथातल्या नामस्मरणाचा. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण मी त्या ओवीवर उभं केलं होतं. ग्रंथाचं मत हेच, म्हणून ठणकावून सांगितलं होतं. म्हणजे बाबांना वाटत होतं की देव आपल्या दारावरून परत गेला, आणि त्यांचा मुलगा विद्यापीठात ते सिद्ध करून दाखवत होता.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते प्रकरण परत पाठवलं, समासात पेन्सिलीची रेघ ओढून. फोनवर म्हणाल्या, "संतवचन आहे म्हणून सूट नाही. उलट जास्त काळजी घ्यायची. कोणता अध्याय, कितवी ओवी, कुठली प्रत, आणि कोण कोणाला सांगतंय, सगळं द्या. नाहीतर ओवी काढा." मी कॉम्प्युटरवर शोधली. पण माझ्याजवळ होते ते बाबांचे साधे शब्द, ओवीचे नव्हेत. शोध लागणार कसा? ग्रंथात हजारो ओव्या. नव्या प्रतींत क्रमांक वेगळे, आणि बाबांच्या उशाखालच्या जुन्या प्रतीला मी हात लावायला गेलो तर त्यांनी डावा तळवा त्यावर घट्ट दाबून धरला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी परत तो प्रयत्न केला नाही.

घोटावड्यातल्या देवळात त्याच जुन्या छापाच्या प्रती आहेत आणि तिथे पारायण सुरू आहे, असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं. रविवारी सकाळी दुचाकी काढली. मनात भक्ती वगैरे काही नव्हती. एक प्रत मागायची, ओवी शोधायची, फोटो काढायचा आणि जेवायच्या आत घरी. देवळापुढे मांडव घातलेला होता, बाजूच्या रस्त्यावरून कारखान्यांचे ट्रक धडधडत जात होते आणि मांडवात बाया-माणसं ओळीने, पुढ्यात ग्रंथ ठेवून, वाचन सुरू व्हायची वाट बघत होती. एक आसन तेवढं रिकामं. त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी मला बघितलं. त्यांचं नाव हिराबाई, हे नंतर कळलं. ते आसन त्यांच्या यजमानांचं. पण यजमानांना आदल्या रात्री ताप भरला होता, हिराबाईंना स्वतःला वाचता येत नव्हतं, आणि एकदा धरलेलं आसन पारायण संपेपर्यंत रिकामं ठेवायचं नसतं.

"वाचता येतंय न्हवं तुमाला?" त्यांनी विचारलं.

पीएचडीच्या माणसाला हा प्रश्न! मी म्हणालो, "येतं. पण मला एकच ओवी बघायची होती, काकू. बघतो आणि जातो."

"मधीच पानं उलटायची न्हाईत हितं. बसा. वाचता वाचता यील तुमची ओवी."

"आणि नाही आली तर?"

"न्हाई आली तर आणि काय? वाचून तर हुईल!" असं म्हणून त्यांनी माझ्या हातात ग्रंथ ठेवला आणि माझ्या कपाळाला बुक्काही लावून टाकला.

बसलो. अगदी चडफडत बसलो. तोंडाने सगळ्यांबरोबर वाचत होतो आणि डोळे चोरून खालच्या ओळींवर पळवत होतो, त्यामुळे माझा सूर सारखा चुकायचा. शेजारचे आजोबा माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा वाचू लागायचे. संध्याकाळपर्यंत ओवी आली नाही. यजमानांचा ताप उतरला नव्हता, म्हणून हिराबाई म्हणाल्या, "उद्या टायमात या बरं का." आणि कोण जाणे कसा, मी हो म्हणालो. ऑफिसला तापाचं कारण कळवलं. ताप होताच, फक्त माझा नव्हता. बायको म्हणाली, "तुम्ही ओवी शोधायला गेलात का राहायला?" 

पुढच्या दिवसांत माझे डोळे पळायचे थांबले. कधी थांबले ते मला सांगता येणार नाही. इतक्या माणसांचा एक आवाज असतो, त्यात आपला आवाज सोडून दिला की तो आपोआप वाहतो, हे मला आजवर ठाऊकच नव्हतं. जड गळे, किनरे गळे, एक कायम खोकणारा गळा, सगळे मिळून ओवी पुढे नेत होते. मी ओवी शोधायला आलो होतो, याचाही अधूनमधून विसर पडायला लागला.

आणि एका दुपारी ती आली. मला कळायच्या आधी माझ्या तोंडून म्हटली गेली. जीभ, नाव, दार, परतणारा देव, सगळं तिथे होतं. पण ती ग्रंथाची शिकवण नव्हती. तो शिष्याचा प्रश्न होता! आजाराने वाचा खुंटलेल्या एका माणसाला बघून आलेला शिष्य गुरूंना घाबरून विचारतो की, आता याच्या दारावरून देव परत जाणार का? पुढच्या कितीतरी ओव्या त्याची भीती वाढतच जाते. मग गुरू हसतात. म्हणतात, अरे, देव बाहेरून येतो असं तुला कोणी सांगितलं? तो आतच राहतो, म्हणून तर जिभेला नाव सुचतं. जीभ थकली म्हणून आत राहणारा घर सोडून जात नाही. आता ती बोलत नाही, तर तिच्या वाटचं नाव तोच घेतो.

माझं अंग शहारलं. पुढचा शब्द फुटेना. मी ग्रंथावर बोट ठेवून मुका बसून राहिलो. आणि वाचन चालूच होतं. माझ्या आसनावरची ओवीसुद्धा थांबली नव्हती, इतर सगळे ती म्हणत होते. माझं बोट ओळीखालून सरकत होतं आणि माझ्या वाटचं नाव मला न विचारता घेतलं जात होतं. त्या घटकेला मांडवात काय भरून राहिलं होतं, ते मी कुठल्या शब्दांत सांगू? मी नुसता बघत राहिलो. मागून हिराबाईंचा हात माझ्या पाठीवर आला आणि वाचन संपेपर्यंत तिथेच राहिला.

उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "भेटली जणू."

मी मान हलवली.

घरी आलो तेव्हा बाबा खिडकीशी होते. त्यांच्या पायाशी बसून म्हणालो, "बाबा, दारावरून परत जाणाऱ्या देवाची ओवी. ती शिष्याच्या तोंडची आहे हो. त्याला शंका आली होती." आणि अध्याय सांगितला, ओवीचा क्रमांक सांगितला, आणि गुरूंचं उत्तर जिथून सुरू होतं तो क्रमांकही सांगितला. बाबांनी हे सगळं शेकडो वेळा वाचलेलं. त्यांना उत्तर ठाऊक नव्हतं असं मी कसं म्हणू? पण दुखण्यात माणसाला शंका तेवढी आठवते. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग पलंगापाशी नेण्याची खूण केली, उशाखाली हात घातला, आणि गाठ सोडायला लागले. मी पुढे झालो तर बायकोने मला धरून ठेवलं. एका हाताने त्यांनी गाठ सोडली, अध्याय काढला, शंकेच्या ओव्यांवरून बोट खाली खाली नेलं, आणि उत्तरावर येऊन थांबवलं. खांदे हलायला लागले त्यांचे. मग ग्रंथ माझ्याकडे सरकवला. वाच, म्हणून.

प्रबंधातलं ते प्रकरण मी नव्याने लिहिलं. संदर्भात अध्याय, ओवी, प्रत आली, आणि पुढे स्वच्छ लिहिलं की हे शंका घेणाऱ्या शिष्याचं वचन आहे. मॅडमनी बरोबरची खूण केली. ही ओवी मला आधी का सापडली नाही, नेमकं तेच आसन का रिकामं होतं, याचा मी कीस काढत बसत नाही. मी शोधत होतो तोवर काही हाती लागलं नाही; शोध टाकून सगळ्यांच्या आवाजात बसलो तेव्हा ते पुढ्यात आणून ठेवलं गेलं. ज्याने ठेवलं त्याला माझा नमस्कार.

आता सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी वाचतो आणि बाबा ओळीखालून बोट फिरवतात. मी घाईत दोन ओव्या गाळल्या तर बोट तिथेच रोवून बसतात, पान उलटू देत नाहीत. कंपनीची कॅब खाली हॉर्न वाजवत असते. मी मागे जातो आणि गाळलेलं वाचतो.