गाडी आडवी करायची सवय

माझं शिक्षण चौथीपर्यंत. इंजिनावर मी काही लिहावं अशी कुणाची अपेक्षा नाही. पण आमच्या दारात त्या पहाटे जे झालं ते मी बघितलं आणि कानांनी ऐकलं, म्हणून लिहिते.

नातीची पोलीस भरतीची मैदानी चाचणी सांगलीत होती. सहाच्या आत फाटकातून आत गेली तर पळायला मिळणार, नाहीतर घरी परत. वर्षभर ती पोरगी द्राक्षबागांच्या कडेनं पळत होती. मुलगा फौजेत, लांब. त्यामुळे तिला न्यायचं काम सुनेकडं. आमच्या गावातून पहिली एसटी निघेस्तोवर फाटक बंद झालं असतं. म्हणजे स्कूटरच.

आमच्या मालकांकडं, म्हणजे नातीच्या आजोबांकडं, पूर्वी जुनी स्कूटर होती. थंडीत ती सुरू करायची एक रीत होती. आधी गाडी एका अंगावर पार आडवी करायची, थोडा वेळ तशीच धरायची, मग सरळ करून किक मारायची. आडवी केली की पेट्रोल कार्बोरेटरमध्ये उतरायचं. गावात सगळेच तसं करायचे. दुसऱ्या बाळंतपणात मला कळा सुटल्या, तेव्हा यांनी तशीच आडवी करून गाडी सुरू केली आणि मला तासगावच्या दवाखान्यात पोचवलं. त्यामुळे त्या सवयीला मी सहसा नावं ठेवत नाही.

त्या पहाटे सुनेनं किल्ली फिरवली आणि पाण्याची बाटली विसरली म्हणून किल्ली तशीच ठेवून ती आत आली. हवा गार होती. पोरींचा वेळ जाऊ नये म्हणून हे पुढं झाले आणि नवी स्कूटर आडवी करून धरली.

सून बाहेर आली. बटण दाबलं. आत काहीतरी नुसतंच फिरलं, इंजिन पेटेना.

"मामा, काय केलंसा?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"काय न्हाई. जरा आडवी केली. गारठ्यात घेत न्हाईत गाड्या."

"आवं, ही काय तुमची जुनी हाय व्हय?" मी म्हणाले.

"तू गप. पोरी, चोक वढ."

"हिला चोक न्हाई, मामा."

"बिनचोकाची गाडी घितली कुनी?"

"तुमच्याच लेकानं."

नात बुटांच्या नाड्या बांधून पायरीवर बसली होती. ती उठली. "आई, मी पळतच जाऊ का सांगलीला?"

"पळायचं तितं हाय. बस खाली," सून म्हणाली. तिनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

मी रोज सकाळी भाकरी थापत असते तेव्हा ही गाडी दारातच असते. सुनेनं किल्ली फिरवली की तिच्या पोटात क्षणभर गूं असा आवाज येतो, आणि मग ती सुरू होते. मघाशी पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा तो आला होता, गाडी आडवी केल्यावर मात्र नाही.

"अगं, रोज ती आधी गुनगुनती," मी म्हणाले. "आडवी केल्यापास्नं गुनगुनली न्हाई."

सुनेनं बटणावरचा हात काढला. मग म्हणाली, "आत्या, मी गाडीसकट चिखलात पडले हुते, तवा गाडीच्या मिस्त्रीनं सांगितलं हुतं!" तिनं किल्ली पार बंद केली. जरा थांबली. परत फिरवली.

गूं.

बटण दाबताच इंजिन लागलं. दोघी गेल्या. हे कट्ट्यावर बसले, चहा नको म्हणाले. मीही आग्रह केला नाही.

उजाडल्यावर सुनेचा फोन आला. "आत गेली, आत्या. तिच्या मागनं फाटक लावलं."

"आता दे चहा," हे म्हणाले.

संध्याकाळी सुनेनं मला सगळं नीट सांगितलं. जुन्या गाडीत इंजिन हवा ओढायचं आणि हवेबरोबर पेट्रोल खेचलं जायचं. थंडीत पेट्रोल कमी पडलं तर आपण चोक ओढायचा. नव्या गाडीत टाकीत पंप असतो, गूं आवाज त्याचा. तो पेट्रोल दाबानं पुढं पाठवतो. पुढं बारीक नोझल असतं, आपल्या बागेत औषध फवारतो तसलंच, फक्त फार लहान. ते किती वेळ उघडायचं हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. हवा किती आली, इंजिन किती तापलंय, मूठ किती पिळली, हे त्याला सारखं कळत असतं. इंजिन गार असलं तर तो आपणहून पेट्रोल जास्त सोडतो. म्हणून चोक नाही. आणि गाडी आडवी झाली की त्याला वाटतं माणूस पडला. पडलेल्या गाडीत पंप चालू राहिला तर पेट्रोल सांडून आग लागेल, म्हणून तो पंप बंद करतो. किल्ली बंद करून परत फिरवेपर्यंत काही ऐकत नाही.

मला हे पटलं. गाडी बिघडलीच नव्हती. माझी सून पडली असं समजून ती थांबली होती. ज्यांनी कुणी हे डोकं लावलं त्यांची मी आभारी आहे. सुनेचीही आहे, तिला ऐन वेळी आठवलं. हे तिला मी तोंडावर सांगितलंय, उगाच मनात ठेवत नाही.

नात भरती झाली. आज सांगलीत वर्दी घालते. सुट्टीला आली की तीच स्कूटर घेऊन फिरते. ती किल्ली फिरवते तेव्हा हे हात पाठीमागं बांधून गाडीजवळ उभे राहतात, मान तिरकी करून ऐकतात आणि म्हणतात, "गुनगुनली. जा आता."