पहिला अध्यक्ष

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या क्रिकेट लीगच्या नव्या कपाला माझं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा कमिटीतली मुलं घरी आली होती. "काका, तुम्ही सुरू केलंत म्हणून आम्ही खेळतोय," म्हणाली. मी चहा पुढे केला.

त्याच आठवड्यात नातीला शिकागोतल्या एका दफनभूमीत जायचं होतं, मी तिला घेऊन गेलो. शाळेसाठी ती बेसबॉलच्या सुरुवातीच्या काळातल्या एका संघटकावर लिहीत होती. त्याच्या थडग्यावर दगडी बेसबॉल आहे. त्या माणसाने विस्कळीत क्लबांची लीग बांधली, आणि ठरलेले सामने खेळायला न येणारे मोठ्या शहरांचे क्लबही हाकलून दिले. पण पहिला अध्यक्ष म्हणून दुसऱ्याच एका प्रतिष्ठित गृहस्थाला बसवलं होतं. बेसबॉलवाल्यांनी आधी मान दिला तो त्या गृहस्थाला. खऱ्या माणसाची आठवण व्हायला अनेक दशकं गेली.

"दॅट्स सो अनफेअर, आजोबा," नात म्हणाली. "त्या दुसऱ्याने काय केलं?"

"सह्या केल्या असतील," मी म्हणालो.

आमच्या लीगमध्ये सह्या माझ्या होत्या. लीग उभी केली ती तेव्हा माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नागपूरच्या मित्राने. तो वर्क व्हिसावर होता, त्यामुळे मैदान भाड्याने घेताना कागदावर पदाधिकारी म्हणून नाव घालायला घाबरायचा. माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं. "तू नुसता अध्यक्ष हो यार, बाकी मी बघतो," म्हणाला, आणि खरंच सगळं बघितलं. बेसबॉलच्या मैदानावर सकाळी खेळपट्टीचं मॅटिंग अंथरायचा, अंपायरला घरून उचलून आणायचा. उशिरा आलेल्या टीमने सामना गमावला, आणि न कळवता गैरहजर राहिलेली टीम लीगबाहेर, हे नियम त्याचेच.

एका वर्षी तळाला गेलेली एक टीम शेवटचा सामना सोडून सहकुटुंब पिकनिकला गेली. सगळे आमचेच मित्र. तो म्हणाला, बाहेर. मला पटलं, मी सही केली. मग मित्रांचे फोन सुरू झाले. "अध्यक्ष तू ना? मग हे काय?" मी प्रत्येकाला सांगितलं की त्याने परस्पर ठरवलं.

त्या दिवाळीत त्याच्याकडे फराळाला कोणी गेलं नाही. जिना चढून वर जायचं होतं, तरी मीही गेलो नाही. पुढे तो टेक्ससमधल्या फ्रिस्कोला निघून गेला. त्या टीमला काढल्यापासून मात्र एकही टीम सामना सोडून गेली नाही. नवी माणसं लीगच्या शिस्तीचं कौतुक करू लागली, तेव्हा तो निर्णय माझा झाला. मी तसं कधी म्हणालो नाही. कोणी म्हणालं की हसायचो.

दफनभूमीतून परतल्यावर मी त्याला फोन केला. हे सगळं सांगितलं, कपावर त्याचंच नाव हवं असंही म्हणालो.

"मॅटिंग कोण टाकतं आता?" त्याने विचारलं.

"पोरं टाकतात. वेळेवर."

"अन् उशिरा येणाऱ्यांचं काय करता?"

"सामना गेला."

तो म्हणाला, "अध्यक्ष, तुम्हाला फारच उशीर झाला की हो."

तो हसला. मला हसू आलं नाही. नाव नको, असंही तो म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी कमिटीतल्या मुलांना पुन्हा चहाला बोलावलं.